फाटकापाशी चढणारा आवाज

जुनं हँडल निघालं, तसं घनश्यामनं ते भंगारात भिरकावलं नाही. फडक्यानं पुसलं, दोन्ही हातांवर आडवं धरलं आणि बाकावर बसलेल्या विजयमालेपुढं केलं.

"घ्या ताई. उस्तादच्या हाताखालचं हाय. हे नाई ठेवत मी माह्या दुकानात."

विजयमालेनं ते मांडीवर घेतलं. मुठींचं रबर झिजून गुळगुळीत झालं होतं आणि उजव्या मुठीवर अंगठ्याच्या जागी खळगा पडला होता. तिनं त्या खळग्यात आपला अंगठा ठेवून पाहिला. तो तिथून काढूच नये असं वाटायला लागलं, तेव्हा तिनं हात मागं घेतला.

मोटारसायकल तिच्या बाबांची, घनश्यामच्या उस्तादांची. मारोतराव यष्टीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले मेकॅनिक. पोळ्याच्या आधल्या आठवड्यात अंगणात खाटेवर बसल्या बसल्या गेले. हातातला चहाचा कपही सांडला नाही. त्यानंतर गाडी धाकट्या राजदीपकडे आली. राजदीप औषध कंपनीचा माणूस. बोरी अरबहून निघायचं, दारव्हा, दिग्रस, पुसद करत थेट उमरखेडपर्यंत डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन ताटकळायचं आणि तसंच परत यायचं. बाबा ठेंगणे, हा ताडमाड. बाबांच्या हँडलवर तो असा वाकून बसे की जणू रस्त्यावर पडलेलं काही शोधतो आहे. घरी आला की मान वळत नसे. तळव्यांना मुंग्या येत, आणि जेवताना घास बोटांतून सुटे. म्हणून हे नवं हँडल. उंच, रुंद, मुठी चालवणाऱ्याकडे झुकलेल्या. त्यानं पाठ सरळ राहते आणि अंगाचा भार मनगटांवर येत नाही, असं राजदीप आठवडाभर सगळ्यांना सांगत होता.

घनश्यामनं क्लचची वायर नवी, लांब टाकली. ब्रेकची टाकली. मग एक्सलेटरच्या केबलपाशी येऊन थांबला.

"हे आखूड पडते भाऊ. लांबवाली टाका लागंन."

विजयमाला बाकावरून उठली. ती केबल तिच्या ओळखीची होती. बाजारातली तयार केबल बाबांना कधी पसंत पडली नाही. मागच्या हिवाळ्यात त्यांनी तार आणून, गाडीला लावून, मापून कापली होती. तार मुठीत अडकून राहावी म्हणून टोकाला डाखाचा दाणा स्वतः बसवला होता. तेव्हा पक्कडीत तार धरून विजयमालाच समोर बसली होती. 'हलू नको माला,' एवढंच ते बोलले होते. केबल न जास्त, न कमी. त्यांच्या हातचं सगळंच तसं असायचं.

"ही राहू द्या," ती म्हणाली.

राजदीप हसला. "ताई, केबल हाय ते. तिले हार घालाचा हाय का?"

"बसत नाई का, घनश्यामभाऊ?"

घनश्यामनं केबल हातात घेतली. त्याचा सगळा धंदा मारोतरावांच्या अंगणात शिकलेला. त्यानं केबल जुन्या वाटेनं न नेता वरून, सरळ, टाकीखाली घातली आणि टोक नव्या मुठीत बसवलं. बसलं. मग दाण्यावरून बोट फिरवत, तिच्याकडे न बघता म्हणाला, "बसली. पण ताणून हाय. हँडल सरळ हाय तवर काई नाई. पूर्ण डावीकडे वळवलं का आतली तार वढल्या जाईन. मूठ पिळली नाई तरी रेस वाढंन."

"किती?"

"थोडीशी. ध्यान ठेवा लागंन." आणि जरा थांबून, "असा दाणा मले कधी जमला नाई, ताई. माह्यावाले सारे निघून येत."

त्यानं नाही म्हणायला हवं होतं. पण त्याच्याही हातून ती केबल फेकवली जाईना, हे विजयमालेला दिसत होतं. तिनं तेच धरून ठेवलं.

*

त्यांचं घर गल्लीत शेवटचं. गल्ली जिथं मोठ्या रस्त्याला मिळते तिथंच अडाण नदीचा पूल लागतो. गल्लीतून अंगणात शिरायचं तर फाटक अरुंद. गाडी जवळजवळ थांबवून हँडल डावीकडे पूर्ण वळवल्याशिवाय आत येत नाही. मारोतराव त्या वळणावर, फाटकातच, गाडीला एकदा रेस देत. 'आलो' म्हणायची त्यांची ती रीत होती. आत आई, शीलाबाई, तो आवाज ऐकून चहाचं आधण ठेवत. इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणी त्याबद्दल बोलल्याचं विजयमालेला आठवत नव्हतं.

बाबा गेल्यापासून आई खाटेवर बसून असे. पुढ्यात ताट ठेवलं तर दोन घास खाई. रडली नाही. बुद्धविहारातून भंते येऊन गेले, वंदना झाली, माणसं आली, गेली. ती ज्याला त्याला 'जय भीम' म्हणाली, तेवढंच. विजयमाला यवतमाळच्या कॉलेजात शिकवत होती. तिथली खोली तशीच ठेवून ती रोज यष्टीनं बोरीला परत यायला लागली. कारण आईला एकटं ठेवायची भीती वाटत होती, आणि ती भीती कशाची, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

नवं हँडल लावून राजदीप फाटकाशी आला. विजयमाला मागं बसली होती, मांडीवर जुनं हँडल. त्यानं गाडी हळू केली, हँडल डावीकडे वळवलं, आणि इंजिनाचा आवाज आपोआप चढला. राजदीपनं मूठ सोडलेली होती. हे तिला दिसलं.

आत भांडं वाजलं.

"आले," आई म्हणाली. "चहा ठेवते."

दोघं भावंडं अंगणात तशीच उभी राहिली. राजदीपनं तोंड उघडलं, विजयमालेनं मान हलवली. चहा झाला. आईनं तिघांसाठी कप काढले, चौथा काढून पाहिला, परत फळीवर ठेवला. मग चुलीजवळ बसून भाकरी थापली आणि स्वतःही खाल्ली, चटणी मागून घेऊन.

त्या संध्याकाळी कुणीच काही दुरुस्त केलं नाही.

*

कापसाचे दिवस आले. रस्त्यावर कापसानं फुगलेल्या गाड्या, कडेच्या बाभळींना अडकलेले पांढरे पुंजके. राजदीप नव्या हँडलवर खूष होता.

"उमरखेड जाऊन आलो ताई, पण पाठ कशी सरळ हाय, पाय ना! आधी मी गाडी नोतो चालवत, गाडीवर कपडे वाळत घातल्यावानी टांगून राहत होतो."

आईनं कढीला फोडणी दिली. डोक्याला तेल लावलं. दिवेलागणीला फाटकाकडे तोंड करून बसे आणि आवाज आला की उठे. एक दिवस राजदीप थकून आला होता; गाडी तशीच आत घेतली आणि बंद केली. आई उंबऱ्यात आली.

"एकडाव अजून वळव ना रे."

"काय, आई?"

"तिथी. फाटकात. एकडाव."

राजदीपनं बहिणीकडे पाहिलं. मग गाडी पुन्हा चालू करून फाटकात नेली, हँडल डावीकडे दाबून धरलं. इंजिन चढत गेलं. आईनं डोळे मिटले. दुसऱ्या दिवशीही तिनं तेच मागितलं, आणि मग ते मागावं लागेनासंच झालं. राजदीप स्वतःच फाटकात हँडल दाबून थांबू लागला, आई मान हलवेपर्यंत.

विजयमाला ओसरीवर पुस्तक घेऊन बसलेली असे. पान उलटत नसे. रोज तो आवाज कालच्यापेक्षा थोडा वर जातो, असं तिला वाटे. मग वाटे, आपल्याला सगळंच मोठं ऐकू येतं आहे आजकाल. पण एके संध्याकाळी शेजारच्या मानीबाई कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. आवाज ओसरला तरी त्या गेल्या नाहीत.

"शीलाबाई, मारोतराव आल्यावानीच वाटते व माय."

"हो ना," आई म्हणाली.

मानीबाईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढला आणि विजयमालेकडे वळून, हळू आवाजात म्हणाल्या, "पण ते एवढ्या जोरानं नोते देत, बाई. कधीच नोते देत."

*

रविवारी दुपारी राजदीप आत झोपला होता. आई धुण्याच्या दगडावर कपडे धूत होती. विजयमालेनं गाडी अंगणाच्या मध्यावर उभी केली, न्यूट्रलमध्ये चालू केली, आणि मुठीला हात न लावता हँडलच्या मध्यावर तळवा ठेवून ते डावीकडे ढकललं.

इंजिन ओरडलं. कोंबड्या कुंपणाखालून पळाल्या. गाडी जागच्या जागी थरथरू लागली आणि ती थरथर तिच्या दातांपर्यंत आली. तिनं घाईनं हँडल सरळ केलं. आवाज उतरला नाही. हँडल सरळ होतं, मूठ सुटी होती, आणि इंजिन तसंच ओरडत होतं. तिला वाटलं, आता हे थांबणारच नाही. मग, मनात आलं म्हणून उतरावं तसं, ते एकदम खाली आलं.

मागून आईनं विचारलं, "आले का?"

भर दुपारी. हात साबणानं भरलेले, चेहरा वर केलेला.

"नाई आई," विजयमाला म्हणाली. "मी हाय."

राजदीप उठल्यावर तिनं त्याला गाठलं. "ती केबल काढ. आता वळवल्यावर सरळ केलं तरी रेस उतरत नाई लवकर. अडकते कुठीतरी."

"तूच त म्हटलं होतं काढू नका म्हणून."

"चुकलं माझं. काढ."

"कायले भेतं एवढं? मले सवय झाली आता. वळवताना क्लच दाबून धरतो मी." तो जांभई देत होता, पण मग त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आईकडे पाय ना ताई. किती दिसानं कढी केली तिनं. तू काढ केबल, अन् तूच सांग तिले. मी नाई सांगत."

ती काही बोलणार, तेवढ्यात तिचं लक्ष हँडलच्या उजव्या टोकाकडे गेलं. नव्या चकाकत्या नळीवर ओरखडा होता आणि त्यात चुन्याची पांढरी पूड भरली होती. ब्रेकचा दांडा किंचित वाकलेला.

"हे काय?"

"दगडाले लागलं."

तिनं चप्पल घातली आणि गल्लीच्या तोंडाशी गेली. गल्लीतून मोठ्या रस्त्यावर जायचं तर डावीकडे, पुलाच्या बाजूला, असंच तंग वळण. ती कडेनं चालत पुलाच्या कठड्यापाशी आली. अलीकडच्या कठड्यावर काही नव्हतं. मग तिनं रस्त्यापलीकडे पाहिलं. पलीकडच्या कठड्यावरचा चुना ताजा खरवडलेला होता, आणि खाली टायरची काळी रेघ, आडवी, रस्त्याच्या मध्यापासून कठड्यापर्यंत. कठड्याखाली अडाणचं पाणी हिरवं, हलत नसल्यासारखं.

म्हणजे वळताना गाडी त्याच्या हातात राहिली नव्हती. ती सगळा रस्ता ओलांडून गेली होती.

परत आली तेव्हा राजदीप ओट्यावर बसला होता. त्यानं तिच्या तोंडाकडे पाहून ओळखलं.

"काई झालं नाई ना," तो म्हणाला. "कापसाचा ट्रक होता. समोरून. त्यानं कावा मारून ट्रक बाजूले काढला, अन् मी कठड्याले टेकलो. गेला शिव्या देत." तो हसायचा प्रयत्न करत होता. "लय शिव्या देल्ल्या ताई त्यानं. माह्या खानदानाचा उद्धार केला."

"अन् क्लच?"

"दाबाले टाइम नाई भेटला."

"कधीची गोष्ट?"

"परवाची. आईले सांगू नोको."

*

दुसऱ्या दिवशी उमरखेडला जायचं होतं. घरात मरण झालं की माहेरच्यांनी लेकीला एकदा नेऊन दुखवट्याचं जेवण घालायचं. ते झाल्याशिवाय तिनं दुसऱ्या कुणाच्या घरी पाऊल टाकायचं नाही, अशी त्यांच्याकडची रीत. मामा, धम्मदीपमामा, भाद्रपदापासून फोन करत होते. आई नाही म्हणत होती. यष्टीत लोक विचारतात, म्हणे. आणि गेल्या आठवड्यात, आपणहून, एका संध्याकाळी तो आवाज ऐकून झाल्यावर म्हणाली होती, "राजदीप, उमरखेडले नेशीन का मले? याच गाडीवर."

सगळ्यांना किती बरं वाटलं होतं. मामांनी तर फोनवर बोलताना मध्येच फोन मामीकडे दिला होता, रडू आवरेना म्हणून.

"उमरखेडहून आलो का टाकतो नवी केबल," राजदीप म्हणाला. "वचन. घनश्यामचं दुकान आज बंद, उद्या उघडते दुपारच्याले, अन् मामा जेवाले थांबून राह्यले."

"पुसदच्या पुढं घाट हाय."

"हाय ना. मी आठवड्यातून दोनदा जातो त्या घाटात."

"मागं कोणी नसते तेव्हा."

तो आत गेला.

संध्याकाळी विजयमाला आईजवळ बसली. आई प्रवासाची पिशवी भरत होती; लुगडं, औषधाची पट्टी, मामांच्या नातीसाठी घेतलेल्या बांगड्या.

"आई, तो आवाज. ते बाबा नाईत. केबल आखूड हाय म्हणून..."

आईनं पिशवीतला हात थांबवला.

"मीनं आंघोळ घातली त्याईले," ती म्हणाली. "मीनं कपाळाले हात लावून पाह्यला शेवटचा. कोण गेलं, ते मले सांगतं का तू?"

"तसं नाई आई."

"मले समजते ते यंत्र हाय म्हणून. मी काई येडी झाली नाई, माला." बांगड्यांचा कागद तिनं पुन्हा नीट घडी केला. "पण आवाज येते तवर चहा ठेवाले काई कारण हाय. तो आवाज नाई आला, त सांज झाली, हे तरी मले कोण सांगंन?"

कठड्यावरचा ओरखडा विजयमालेच्या जिभेवर होता. सांगितलं असतं तर आई त्या क्षणी थांबली असती. पण मग ज्या आवाजानं ती उठून चुलीशी बसली, त्याच आवाजानं तिच्या मुलाला ट्रकपुढं नेलं, हे ओझं घेऊन ती पुन्हा खाटेवर बसली असती. आणि बाबांच्या हातचं जे काही घरात होतं, पंख्याचा रेग्युलेटर, नळाचं रबर, या खाटेची पट्टी, त्या सगळ्याकडे तिनं वेगळ्या नजरेनं पाहिलं असतं. विजयमाला गप्प बसली. दोष कुणावर तरी यायचा असेल तर तो मेलेल्या माणसावर येऊ द्यायचा नाही, एवढं तिनं ठरवलं.

*

सकाळी अडाणवरून धुकं चढून गल्लीत आलं होतं. कुंपणापलीकडची मानीबाईंची तूर दिसत नव्हती. राजदीप न्हाणीत होता. पाणी ओतल्याचा आवाज येत होता. आई आत केस विंचरत होती. पिशवी उंबऱ्यावर तयार.

बाबांची हत्यारांची पेटी ओसरीवरच्या कोनाड्यात होती. विजयमालेनं पक्कड काढली. तीच पक्कड, जिच्यात तिनं मागच्या हिवाळ्यात तार धरली होती. गाडीपाशी जाऊन तिनं हँडल आणि टाकी यांच्या मधली केबल दोन बोटांनी उचलली. ती वीणेच्या तारेसारखी ताणलेली होती.

हलू नको माला.

तिनं पक्कड मिटली. पहिल्यांदा फक्त वरची काळी नळी फाटली. दुसऱ्या वेळी तिनं दोन्ही हातांनी दाबलं. टक्कन आवाज झाला, टोकं दोन्हीकडे उडाली आणि एक तिच्या मनगटाला ओरबाडून गेलं.

तिनं ते टोक नळीतून बाहेर ओढून पाहिलं. कापलेल्या जागी नव्हे, त्याच्या जरा पुढं, जिथं केबल टाकीखाली वाकत होती, तिथं आतल्या तारेचे पदर आधीच तुटलेले होते. एकेक तुटून वर आलेले, पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडाच्या टोकांसारखे टोचणारे. थोडेच पदर धरून होते. बाकीचे नळीत आतल्या आत अडकत होते. म्हणून आवाज चढला की उतरायला वेळ घेत होता. आणखी एखाद्या वळणावर तो उतरलाच नसता. फाटकात, रोज संध्याकाळी, हँडल दाबून धरून, त्यांनीच ते पदर एकेक करून तोडले होते.

ती पक्कड हातात घेऊन तशीच उभी राहिली. राजदीप टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला.

"काय करून राह्यली?"

मग त्याला दिसलं. त्यानं उगाच मूठ पिळून पाहिली. ती सैल फिरली.

"येडी झाली का तू? मामा थांबले हायेत तिकडे! घनश्याम दुपारी येईन! काय सांगू मी आईले?"

"सांग की ताईनं कापली."

"सांगतोच! आई!"

बोलवायची गरज नव्हती. आई उंबऱ्यात उभी होती. निळ्या काठाचं लुगडं, केस घट्ट बांधलेले. ती पायरी उतरून आली आणि तिनं हात पुढं केला. विजयमालेनं केबलचं टोक त्या हातावर ठेवलं.

आईनं ते डोळ्यांजवळ नेलं. तुटक्या पदरांवरून अंगठा फिरवला. अंगठ्यावर रक्ताचा बारीक थेंब आला, तो तिनं पदराला पुसला.

"हे असं कधीपासून?"

आईची नजर केबलवरून हँडलवर गेली, हँडलवरून त्याच्या उजव्या टोकावर. वाकलेला दांडा. ओरखड्यात भरलेला चुना. ती बराच वेळ त्या पांढऱ्या पुडीकडे बघत राहिली. बोरीत चुना लावलेली भिंत फार घरांना नाही. पुलाचा कठडा कसा दिसतो, हे तिला ठाऊक होतं.

"अन् हे, राजदीप?"

राजदीपनं टॉवेलानं कोरडंच डोकं पुन्हा पुसलं.

आईनं त्याला दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्याच्या दंडाला हात लावला, कोपरापर्यंत, मग मनगटापर्यंत, अगदी लहानपणी पडून आल्यावर चाचपायची तसा. मग हात काढून घेतला.

"ढकलत ने तिले," ती म्हणाली. "घनश्यामच्या घरी जाय. दुकानाची वाट पाहू नोको, झोपेतून उठव त्याले. सांग, लांबवाली टाक म्हणा. बाजारातली."

"अन् उमरखेड?"

"जाय म्हटलं ना."

राजदीपनं गाडीचा स्टँड काढला. फाटकाशी येऊन त्यानं हँडल उजवीकडे वळवलं, मग मागचं चाक खांबाला अडलं म्हणून एकदा डावीकडे, पूर्ण. आईची मान किंचित वर झाली. विजयमालेचीही झाली, तिला थांबवता आली नाही. टायरखाली खडी चुरचुरली. बाकी काही नाही. गाडी फाटकातून मुकी बाहेर पडली आणि धुक्यात गेली.

"गेले," आई म्हणाली.

ती खाटेवर बसली. विजयमाला तिच्या पायाशी, ओट्यावर. पक्कड अजून हातातच होती. पुलावरून एक भरलेला ट्रक गेला. खिडकीचं तावदान थरथरलं, खाटेची पट्टी थरथरली. ट्रक दूर गेला. मग गल्लीच्या तोंडाकडून काहीच ऐकू येईना, राजदीपच्या चपलांचा आवाजही नाही. विजयमाला उठायला लागली. आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला बसवलं, पण तो हातही ऐकत होता.

धुक्यातून राजदीपचा आवाज आला, कुणाशी तरी भांडत असलेला. "अबे दिसत नाई का! गाडी ढकलून राह्यलो, लाइट कुठून लावू!"

आईच्या हाताचा भार सैल झाला.

"दिग्रसची यष्टी केव्हा हाय व?" तिनं विचारलं.

"हाय थोड्या वेळानं. दिग्रसले बदलावी लागंन."

"तिनंच जाऊ. लोक विचारतीन त विचारतीन." ती उठली, केबलचं टोक तिनं हत्यारांच्या पेटीत नेऊन ठेवलं, आणि पेटीचं झाकण लावलं. स्वयंपाकघराच्या दारात जाऊन थांबली. आधणाचं भांडं हातात होतं; ते चुलीवर ठेवायचं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

"माला," ती आतूनच म्हणाली, "आता राजदीप आला हे मले समजंन कसं?"

विजयमाला फाटकाजवळ जाऊन उभी राहिली. तिथून गल्लीचं तोंड दिसत नव्हतं, फक्त पांढरं होतं.

"मी सांगीन," ती म्हणाली. "मी उभी हाय इथं."